सावड मोडली की गट मोडतो



एका गावच्या शेतकरी गटाचे रजिस्टर माझ्या टेबलावर पडले आहे. पहिल्या पानावर 22 नावे, त्यापुढे 20 सह्या आणि 2 अंगठे. शेवटच्या बैठकीच्या पानावर 7 सह्या, त्यातली एक माझीच. हा गट मी स्वतः उभा केला होता. नारळ फोडला, फोटो काढला, बँकेत खाते उघडले. दोन हंगामांत गट संपला. भांडण झालं नाही, पैशाची अफरातफर झाली नाही. लोक यायचे थांबले, एवढंच.

‘आपल्या गावाला एकीच नाही’ असे म्हणून मोकळे होणे फार सोपे. आमच्या खात्यात हे वाक्य चहाबरोबर रोज घेतले जाते. पण त्या गटातल्या एका वयस्कर बाबांनी दुसऱ्याच बैठकीत मला विचारलं होतं, “साहेब, गटाचं समदं समजलं. पर माझ्या वावरात गट कवा येणार?” मी हसून वेळ मारून नेली. उत्तर माझ्याकडे नव्हतंच. गटाचे उद्दिष्ट म्हणून मी रजिस्टरात ‘उत्पादन खर्चात बचत व उत्पादकतेत वाढ’ असे लिहून घेतले होते. वाक्य परिपत्रकातले. त्यात चूक काही नाही, पण त्यात कुणाचं वावर दिसत नाही.

आपल्या बापजाद्यांना गट करायला कुणी शिकवले नव्हते. त्यांच्याकडे सावड होती. आज तुझ्या वावरात खुरपणीला मी आणि माझी बायको, उद्या माझ्या वावरात तू आणि तुझी बायको. रोजाला रोज, माणसाला माणूस. वारंगुळा होता, एक बैल माझा, एक तुझा, औत दोघांचे. आणि कुणावर प्रसंग आला, घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं, तर इर्जिक होती. तिथे परतफेडीचा हिशेब नाही. गावाने जायचे, काम उरकायचे, पंगतीला बसायचे. तीनही रिवाज वेगळे, पण एक गोष्ट तिन्हींत सारखी. आपण कशासाठी जमलो, हे प्रत्येकाला डोळ्यांनी दिसत होते आणि आपली पाळी कधी, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

आताच्या गटांचा जन्म बहुतेक वेळा अनुदानातून होतो. 2017 साली राज्यात गटशेतीची योजना आली. किमान 20 शेतकरी आणि 100 एकर क्षेत्र अशी तिची अट होती. अट वाईट नव्हती. पण 20 हा आकडा भरण्यासाठी मेहुण्याचे नाव, पुण्याला नोकरीला असलेल्या भावाचे नाव, असे घालून जे गट झाले, त्यांचे पुढे काय झाले ते मी सांगायला नको. अनुदान हे गटाचे निमित्त असू शकते. ते उद्दिष्ट झाले की अवजार ज्याच्या अंगणात उतरले त्याचे होते आणि बाकीचे घरी बसतात.

आता मग उद्दिष्ट कसे असावे? कापूस पिकवणाऱ्या गावासाठी मी गुलाबी बोंडअळीचे उदाहरण देईन. 2017 च्या हंगामात या अळीने राज्यातल्या कापूस उत्पादकांचे काय केले ते आपण विसरलेलो नाही. ही अळी एकदा बोंडात शिरली की बोंडाचे तोंड बंद, वरून कितीही फवारा, तिला लागत नाही. आणि तिचा पतंग बांध मानत नाही. तुम्ही जानेवारीच्या आत पऱ्हाट्या उपटल्या, पण शेजाऱ्याने फरदडीच्या लोभाने मार्चपर्यंत कपाशी उभी ठेवली, तर त्याच्या वावरातली अळी पुढच्या हंगामात तुमच्याकडे येणार. म्हणजे हे काम एकट्याने होतच नाही. गटाला बांधून ठेवायला असेच काम लागते. जे काम एकट्याला जमते त्यासाठी माणूस बैठकीला कशाला येईल?

दुसरा गट उभा करताना मी शहाणा झालो होतो. 14 घरे, सगळी एकाच नाल्याच्या दोन्ही काठांची. रजिस्टरात उद्दिष्ट लिहिले ते एवढेच: ‘नाल्याकाठच्या एकाही वावरात या वर्षी डोमकळी राहू द्यायची नाही.’ डोमकळी म्हणजे काय हे कपाशीवाल्याला समजावून सांगावे लागत नाही. अळीने आतून शिवलेले ते न उमललेले फूल लहान पोरही ओळखते, तोडते आणि चुरडते. एकरी 2 कामगंध सापळे लावले. रोज सकाळी ज्याची पाळी असेल त्याने सापळ्यातले पतंग मोजायचे आणि पारावरच्या फळ्यावर खडूने आकडा लिहायचा. सलग तीन रात्री एका सापळ्यात 8 किंवा जास्त पतंग आले तर फवारणीचा विचार करायचा, तोपर्यंत पंपाला हात नाही.

हा फळा मला वाटले होते त्याहून मोठे काम करून गेला. सकाळी दूध घालून परत येणारी माणसे फळ्यापुढे थांबू लागली. बैठकीची नोटीस काढावी लागेना. गटात नसलेलेही विचारू लागले, “आज किती?” उत्पादकता वाढली का, हे वर्षअखेर कळते. पतंग किती आले, हे रोज सकाळी कळते. माणसाला आपल्या मेहनतीचा आकडा असा लवकर दिसायला पाहिजे. 2016 च्या वॉटर कपमध्ये कोरेगाव तालुक्यातले वेळू गाव पहिले आले. त्या स्पर्धेत 45 दिवस गावेच्या गावे उन्हात राबली, तिथेही हीच गंमत होती. किती चर झाले, किती घनमीटर माती निघाली, हे संध्याकाळी टेप लावून मोजता येत होते. बक्षिसासाठी राबले म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की बक्षीस मिळणार थोड्या गावांना हे सगळ्यांना आधीच माहीत होते.

एका आठवड्यात आमच्या फळ्यावर एकाच सापळ्याचा आकडा चढत गेला. शोध घेतला तर त्या बांधालगत गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्यांची गंज. गंज एका विधवा बाईची, चुलीसाठी साठवलेली. बाई गटात नाही. दोघे-तिघे तावातावाने निघाले होते. पण गटातल्याच एका बाईने त्यांना अडवले आणि म्हणाली, “तिच्या चुलीचं काय करता ते आधी सांगा.” मग रविवारी इर्जिक झाली. गंज मोडली, किडकी बोंडे वेचून जाळली, पऱ्हाट्या जागेवरून हलवल्या आणि ज्याच्याकडे बाभळीचे सरपण होते त्याने बाईला गाडीभर टाकले. पुढच्या बैठकीला ती बाई न बोलावता आली. त्या वर्षी अळी आलीच नाही असे मी म्हणणार नाही. आली, पण हातात राहिली.

हे सगळे गोडीगुलाबीने झाले असे समजू नका. खरी कसोटी लागली ती खुरपणीच्या सावडीत. पाऊस उघडला की सगळ्यांच्याच वावरात तण एकदम वाढते. पहिले वावर कुणाचे? ज्याचे शेवटी, त्याचे तण कंबरेला. आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. पहिल्या फेरीत शेवटी राहिलेल्या चार घरांची मध्येच पाऊस लागल्याने पंचाईत झाली. दुसऱ्या फेरीत म्हणून क्रम उलटा लावला, शेवटचा पहिला. हा नियम कुठल्या परिपत्रकात नाही, पण त्यानेच गट वाचला. न येणाऱ्यांचाही प्रश्न होताच. कुणाकडे पाहुणे, कुणाची कोर्टाची तारीख. बैठकीत ठरले की यायचे नसेल तर आपल्या पैशाने बदली माणूस पाठवायचा. बोलाचाली नाही, टोमणे नाहीत. दोनदा बदली पाठवली की तिसऱ्यांदा पाहुणे येत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

हिशेब लिहिणारा माणूस अध्यक्षाच्या घरातला नसावा. ही गोष्ट बोलायला अवघड, म्हणून इथे छापून टाकतो.

आणखी एक. खुरपणी, वेचणी, डोमकळ्या तोडणे ही कामे करतात कोण? बाया. रजिस्टरात नावे कुणाची? नवऱ्यांची. मग बैठकीत ‘होय, होय’ म्हणून आलेला गडी घरी जाऊन सांगतही नाही आणि दुसऱ्या दिवशी बाई दुसऱ्याच वावरात रोजाने गेलेली असते. आमच्या दुसऱ्या गटात 14 घरांतून 9 बायांची नावे आहेत. बैठक संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळेला ठेवायची नाही, हे त्यांनीच आम्हाला सुनावले. आता बैठक दुपारच्या भाकरीच्या वेळी बांधावरच होते.

भूमिहीनांचे काय? दोन घरे आमच्यात अशी आहेत की ज्यांना गुंठाही जमीन नाही. सावडीत त्यांनी दिलेला रोज परत करायचा कुठे? विलासराव साळुंखे यांनी 1974 पासून पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली, तेव्हा हाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या मापाने दिले आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क दिला. दुष्काळी गावात ते धाडसच होते. आमच्या गटाची तेवढी ऐपत नाही. आम्ही एवढेच केले की त्या दोन घरांचे रोज गटाच्या शिलकीतून चालू मजुरीच्या दराने बाजाराच्या दिवशी चुकते करायचे, उधारी ठेवायची नाही. आणि फळ्यावर आकडा लिहिण्याची पाळी त्यांनाही. हे पुरेसे आहे असे मला वाटत नाही. कुणी याहून चांगली तोड काढली असेल तर मला जरूर कळवा, मी येऊन पाहीन.

आता सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (जुने लोक अजून ‘ग्रामसेवक भाऊसाहेब’च म्हणतात) यांच्यासाठी दोन शब्द. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला आपण सगळे सहलीला जाऊन आलो, पोपटराव पवारांबरोबर फोटोही काढले. परत येताना झाडे आणि रस्ते डोळ्यांत घेऊन आलो. तिथे पाहण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. गावात किती पाऊस पडला, किती पाणी मुरले, त्यात कोणती पिके भागतील, याचा ताळेबंद दरवर्षी गावापुढे मांडला जातो. उसाला नको म्हणायचे असेल तर आधी पाण्याचा आकडा लोकांपुढे ठेवावा लागतो. तुमच्या ग्रामसभेत अहवाल वाचला जातो की आकडा मांडला जातो, हे एकदा तपासून पाहा. पर्जन्यमापक नसेल तर तिथून सुरुवात करता येईल.

आणि आमच्या खात्यातल्या माझ्या मित्रांनो, गटाच्या बैठकीला जाताना फाईल गाडीतच ठेवा. लक्ष्यांक आपला असतो, वावर त्यांचे. पहिल्या बैठकीत आपण बोलायचे नाही. प्रत्येकाला विचारायचे, गेल्या वर्षी एकट्याने काय जमले नाही? 14 जणांची 14 उत्तरे येतील. त्यातली तीन-चार सारखी निघतात. त्यातले एक निवडायचे, एकच, आणि ते त्यांच्याच शब्दांत लिहायचे.

पहिल्या गटाच्या त्या बाबांकडे मी परवा जाऊन आलो. रजिस्टर दाखवले, जुन्या 22 नावांतली कोणती खरोखर एका शिवारातली, ते विचारले. बाबांनी चष्मा लावून 11 नावांवर बोट ठेवले आणि चिठ्ठ्या कधी टाकायच्या ते विचारले. पेरणी झाली की कामगंध सापळे लावायला साधारण 45 दिवस मिळतात. तेवढ्या दिवसांत दोन खुरपण्या येतात, म्हणजे सावडीच्या दोन फेऱ्या. पहिल्या फेरीचा क्रम चिठ्ठीने, दुसरीचा उलटा. फळा मी रंगवून देतो असे कबूल केले आहे.