जबड्याचे ऑपरेशन कोणाच्या हातून?



दाढ दुखू लागली की आपला कामगार काय करतो? लवंग धरतो, औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या आणतो आणि ड्युटीवर जातो. रात्रपाळीचा पॉइंट्समन असो, आरएमएसमधला सॉर्टर असो की उन्हातान्हात बीट करणारा पोस्टमन असो, दातासाठी रजा टाकणे आपल्याकडे हसण्यावारी नेले जाते. मग एके दिवशी गाल सुजतो, तोंड उघडेनासे होते, आणि घरची माणसे त्याला जवळच्या पहिल्या झगमगीत पाटीखाली नेऊन बसवतात. तिथे "ऑपरेशन करावे लागेल" असे ऐकू येते. कोण करणार, का करणार, किती पैसे लागणार, हे विचारण्याचे बळ ठणका लागलेल्या माणसात उरलेले नसते. तो मान डोलावतो.

आमचे म्हणणे असे की, हा निर्णय अशा रीतीने होता कामा नये. मुंबईसारख्या महानगरात ओरल सर्जन, म्हणजे तोंडाचा व जबड्याचा शल्यचिकित्सक, कसा निवडावा हे दुखणे नसताना समजून घ्यायला हवे. आणि ही बाब एकट्या कामगारावर न सोडता संघटनेने आपल्या कामात घ्यायला हवी.

प्रथम हा डॉक्टर कोण ते पाहू. साधा दात काढणे हे कोणत्याही नोंदणीकृत दंतवैद्याचे काम आहे. त्यासाठी तज्ज्ञाकडे धावण्याचे कारण नाही. परंतु हाडात आडवी अडकलेली अक्कलदाढ, जबड्यातील गाठ, मोडलेला जबडा, कानापुढील सांध्याचे दुखणे, तोंड आखडण्याचा रोग, तुकडा काढून तपासावा लागेल असा चट्टा, ही सारी ओरल सर्जनची कामे. लाइनवर काम करताना तोंडावर मार बसलेला ट्रॅकमन किंवा टपाल वाटताना गाडी घसरून हनुवटीवर पडलेला पोस्टमन यांनाही शेवटी याच डॉक्टरकडे जावे लागते.

आता पदवी. दंतवैद्यकाची मूळ पदवी बीडीएस. तिला इंटर्नशिप धरून पाच वर्षे लागतात. त्यापुढे तीन वर्षांची एमडीएस. नेमकी इथे फसगत होते. पाटीवर 'एमडीएस' वाचले की आपण समजतो, मोठा डॉक्टर आहे, ऑपरेशनही करत असेल. पण एमडीएसच्या नऊ शाखा आहेत. वाकडे दात सरळ करणाऱ्याची शाखा वेगळी, कवळी बसवणाऱ्याची वेगळी, हिरड्यांची वेगळी, लहान मुलांच्या दातांची वेगळी. आपल्याला हवी असते ती 'ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी' ही शाखा. 'इम्प्लांटॉलॉजिस्ट' हा शब्द हल्ली पाट्यांवर फार दिसतो, पण तो या नऊ शाखांपैकी एकही नव्हे.

प्रत्येक दंतवैद्याची राज्याच्या दंत परिषदेत नोंदणी असावी लागते. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यापासून ही पद्धत आहे. नोंदणी क्रमांक आणि एमडीएसची शाखा विचारा. विचारायला संकोच का वाटावा? टीसी तिकीट मागतो तेव्हा तो प्रवाशाला चोर म्हणत नाही. स्पीड पोस्टचे पाकीट देताना पोस्टमन सही मागतो तेव्हा घेणाऱ्याचा अपमान होत नाही. कामाचा नियम तो कामाचा नियम. खऱ्या तज्ज्ञाला या प्रश्नाचा राग येत नाही, आणि ज्याला येतो त्याच्याकडून उठून यावे.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांच्या ध्यानात येत नाही. कित्येक दवाखान्यांत पाटीवरचा डॉक्टर एक आणि सुरी हातात घेणारा दुसराच. ऑपरेशनच्या दिवशी बाहेरून सर्जन बोलावला जातो. ही पद्धत चालू आहे आणि तिच्यात गैर काही नाही. मात्र तो सर्जन कोण, त्याने आपल्याला आधी तपासले आहे काय, आणि रात्री रक्त थांबले नाही तर फोन कोण उचलणार, हे ऑपरेशनपूर्वी कळलेच पाहिजे.

मग जायचे कुठे? मुंबईतील कामगारांनी आपल्या पायाखालची वाट प्रथम पाहावी. शिवाजी महाराज टर्मिनस आणि जीपीओ या आपल्या दोन वास्तूंपासून चालत जाण्याच्या अंतरावर, सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात, शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आहे. तोंडाच्या कर्करोगाची शंका असेल तर परळला १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय उभे आहे. नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी बांधवांसाठी दिल्लीत मौलाना आझाद दंत विज्ञान संस्था, कोलकात्यात डॉ. आर. अहमद दंत महाविद्यालय, तसेच अहमदाबाद, बंगळूर, हैदराबाद व इंदूर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत.

यावर आमचे सभासद दोन आक्षेप घेतात. पहिला, तिथे रांग फार. हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. तीन खेपा म्हणजे तीन रजा, आणि रजा मिळवणे हे आपल्याकडे ऑपरेशनपेक्षा अवघड! दुसरा आक्षेप, तिथे विद्यार्थी हात साफ करून घेतात. यात मात्र अर्धेच सत्य आहे. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी काम करतात ते शिक्षकांच्या देखरेखीखाली, आणि मोडलेले जबडे व गाठी यांचे जितके रुग्ण अशा ठिकाणी येतात तितके गल्लीतल्या दवाखान्यात येत नाहीत. आमचे मत असे: साध्या अडकलेल्या दाढेसाठी पॅनेलवरील खाजगी तज्ज्ञाकडे जायला हरकत नाही. पण फ्रॅक्चर, गाठ, बरा न होणारा चट्टा, किंवा पूर्ण भूल द्यावी लागणारे काम असेल, तर भूलतज्ज्ञ व वॉर्ड असलेल्या मोठ्या रुग्णालयाचीच वाट धरावी.

सर्जनसमोर बसल्यावर काय विचारावे? आमच्या मते पाच प्रश्न पुरे आहेत.

१) हे ऑपरेशन करणे आवश्यक आहे काय, आणि न केल्यास काय होईल? प्रत्येक अडकलेली अक्कलदाढ काढावीच लागते असे नाही. त्रास व रोग नसेल तर लक्ष ठेवूनही चालते.

२) एक्स-रेमध्ये नस किती जवळ दिसते? खालच्या अक्कलदाढेजवळून ओठाला संवेदना देणारी नस जाते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर होतो. बहुधा ते तात्पुरते असते, पण क्वचित कायमचेही राहते. म्हणून पूर्ण जबड्याचा ओपीजी एक्स-रे पाहिल्याशिवाय अशा दाढेला हात लावू देऊ नये. वॉकी-टॉकीवर दिवसभर बोलणाऱ्या लोको पायलटने हा प्रश्न तर विचारलाच पाहिजे.

३) प्रत्यक्ष ऑपरेशन कोण करणार आणि त्यानंतर तक्रार आली तर भेटायचे कोणाला?

४) एकूण खर्च किती, तो लेखी द्याल काय? एक्स-रे, औषधे, पुन्हा दाखवण्याची फी, सारे धरून.

५) किती दिवस कामावर जाता येणार नाही? गुंगी आणणारी गोळी घेऊन कोणी गाडी चालवू नये आणि गेटही सांभाळू नये. सिकमध्ये राहणे हा आळस नव्हे, ती सुरक्षितता आहे.

आपणही डॉक्टरपासून काही लपवू नये. मधुमेह, रक्तदाब, हृदयाचे दुखणे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडे मजबूत करण्यासाठी घेतलेली इंजेक्शने, पूर्वी तोंडाला वा मानेला दिलेले रेडिएशन, हे सर्व आधी सांगावे. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. आणि तंबाखू सांगावी. लाजू नये.

तंबाखूचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलू. झोप येऊ नये म्हणून रात्रपाळीत चुना मळलेली चिमूट ओठामागे जाते. विदर्भात खर्रा, इतरत्र मावा. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण सवय बंदीने गेली नाही. नुसती सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला कर्करोगकारक ठरवले आहे. सुपारीने गालाच्या आतली त्वचा आखडत जाते आणि तोंड हळूहळू मिटू लागते. आज घरी आरशासमोर उभे राहा. आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात काय पाहा. जात नसतील, किंवा तोंडात पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, कारण नसताना हललेला दात दिसत असेल, तर तपासल्याशिवाय राहू नका. अशा जागचा हललेला दात कोणी तपासणी न करता उपटून देऊ म्हणाला तर नकार द्या. आधी तुकडा तपासला गेला पाहिजे. आपल्या देशातील पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी आहे. लवकर सापडला तर माणूस वाचतो.

एका प्रसंगी मात्र निवड करत बसू नये. जबड्याखाली सूज, ताप, गिळता येत नाही, जीभ वर ढकलली जाते, श्वास जड होतो, अशी लक्षणे दिसली तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा. त्या वेळी पॅनेल, दर, शाखा काही पाहू नका. कागदपत्रांचे आपण नंतर पाहू.

आता पैशाचा आणि हक्काचा प्रश्न. रेल्वे कामगाराने प्रथम आपल्या हेल्थ युनिटमधून वा विभागीय रुग्णालयातून रेफरचा कागद घ्यावा. मुंबईत भायखळ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय आणि मुंबई सेंट्रलचे जगजीवन राम रुग्णालय ही आपली केंद्रीय रुग्णालये आहेत. निवृत्त बांधवांना १९९७ च्या योजनेखाली हाच मार्ग आहे. उमीद कार्ड जवळ ठेवावे. टपाल कामगार सीजीएचएसमध्ये असेल तर वेलनेस सेंटरमधून, नसेल तर १९४४ च्या केंद्रीय सेवा वैद्यकीय परिचर्या नियमांनुसार जावे. तातडीचा प्रसंग सोडून रेफरशिवाय खाजगीत केलेला खर्च परत मिळेल या भरवशावर राहू नये. शिवाय परतफेड होते ती ठरलेल्या दराने. वरचा फरक आपल्या खिशातून जातो. दर बदलत असतात, म्हणून ताजे परिपत्रक पाहून मगच लेखी अंदाजपत्रकाशी ताडावे. "हप्त्याने भरा" म्हणणाऱ्या दवाखान्यात बसल्या जागी सही करू नये.

उपचारात हयगय झाली तर? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. त्याच निकालात असे म्हटले आहे की, नोकरीच्या अटींचा भाग म्हणून मालक कामगाराच्या उपचाराचा खर्च करत असेल तर ती सेवा फुकट समजता येत नाही. पुढे मध्य रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणातही न्यायालयाने हेच तत्त्व लावले. याचा अर्थ नीट समजून घ्या. रेल्वेच्या वा टपाल खात्याच्या खर्चाने होणारा उपचार ही मेहेरबानी नाही. तो आपल्या पगाराचाच भाग आहे. म्हणून एक्स-रे, केसपेपर, बिले यांच्या प्रती मागून घ्या आणि जपून ठेवा.

परंतु कागद सांभाळून आणि प्रश्न विचारून एकटा कामगार किती पुरा पडणार? जिथे रेफर करायला तज्ज्ञच नाही तिथे निवड कसली? म्हणून प्रशासनाकडे आमच्या मागण्या आहेत. केंद्रीय व विभागीय रुग्णालयांत ओरल सर्जन ठरलेल्या वारी उपलब्ध असावा. पॅनेलवरील दवाखान्यांच्या यादीत सर्जनचे नाव व शाखा छापून ती लॉबीत, डेपोत, टपाल कार्यालयात लावावी. रेल्वेत ठरावीक काळाने होणाऱ्या पीएमईमध्ये डोळ्यांबरोबर तोंडही तपासावे. त्याला एक टॉर्च आणि दोन मिनिटे पुरतात. टपाल कामगारांसाठीही अशी तपासणी सुरू करावी. आणि ग्रामीण डाक सेवक व कंत्राटी कामगार यांना नियमित कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने ही सोय मिळावी. जबडा मोडताना तो कायम कामगाराचा की कंत्राटी कामगाराचा हे दगड विचारत नाही.

शाखांनीही हात बांधून बसू नये. प्रत्येक शाखेने एक वही घालावी: कोणत्या सभासदाने कुठे ऑपरेशन केले, कोणत्या शाखेच्या सर्जनने केले, अंदाजपत्रक किती होते, बिल किती आले, परत किती मिळाले, त्रास झाला काय. सभासदाची संमती असेल तरच नाव लिहावे. नाव नसले तरी चालेल. वर्षभरात ही वही कोणत्याही जाहिरातीपेक्षा उपयोगी ठरेल, आणि प्रशासनासमोर मागणी मांडताना हातात पुरावा असेल. पुढच्या शाखा सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घ्या, आणि सभेला येताना प्रत्येकाने आपली तीन बोटे तपासून या.