आरएसव्हीची लस आधी मेळघाटात द्या



पावसाळा लागला की मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या येऊ लागतात आणि मथळ्यात कारण ठरलेले असते, कुपोषण. कुपोषण खरे आहे, त्याबद्दल वाद घालण्याचे कारणच नाही. पण धारणी तालुक्यात आरोग्य सेविका म्हणून नोकरी केल्यावर मी ठामपणे सांगते, दोन महिन्यांचे बाळ नुसत्या कुपोषणाने एका रात्रीत जात नाही. ते श्वास न पुरल्याने जाते.

आधी नाक वाहते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ अंगावर पिणे सोडते. झबले वर करून पाहावे तर पोट उडत असते, फासळ्यांखालची जागा आत ओढली जात असते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त असले तर ती धोक्याची खूण, आणि ते घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिटभर मोजावे लागतात, कारण इतकी लहान बाळे मध्येच श्वास थांबवतात. तोवर घरच्यांनी भुमकाला, म्हणजे गावातल्या वैदूला, दाखवलेले असते, नाला भरलेला असतो आणि सासू म्हणत असते, उजाडल्यावर नेऊ.

यातल्या कितीतरी बाळांच्या छातीत आरएसव्ही हा विषाणू असतो. दोन वर्षांचे होईपर्यंत तो जवळपास प्रत्येक मुलाला गाठतो, मुंबई-पुण्यातल्या धडधाकट मुलालाही. तिथे अर्ध्या तासात ऑक्सिजन लागतो आणि चार दिवसांत मूल घरी येते. 2022 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अंदाजानुसार 2019 या एका वर्षात जगभरात पाच वर्षांखालची सुमारे 1 लाख 1 हजार मुले आरएसव्हीने दगावली. त्यांपैकी जवळपास निम्मी सहा महिन्यांच्या आतली होती, 97 टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती, आणि रुग्णालयात झालेले मृत्यू होते फक्त 26 हजारांच्या आसपास. बाकीची बाळे घरी नाहीतर वाटेत गेली. झांबियात, लुसाकाच्या शवागारात आणलेल्या बाळांच्या नाकातले नमुने तपासले तेव्हाही घरीच दगावलेल्या बाळांत आरएसव्ही आढळला. आपल्याकडे डॉ. आशीष सातव यांच्या महान ट्रस्टने मेळघाटातल्या 93 गावांमध्ये घरोघर जाऊन आरएसव्हीचा असाच शोध घेतला. म्हणजे पुरावा बाहेरून आणण्याची गरज नाही, तो अमरावती जिल्ह्यातच आहे.

छातीच्या या आजारावर, न्यूमोनियावर, गावातच उपचार करता येतात, हेही महाराष्ट्रानेच जगाला दाखवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दाईला आणि आरोग्यदूताला श्वास मोजायला शिकवले, हाती औषध दिले आणि न्यूमोनियाचे मृत्यू खाली आणले. 1990 मध्ये ते काम प्रसिद्ध झाले. मात्र ते औषध जिवाणूंवर चालते. पुढे पेंटाव्हॅलंट लस आली, 2021 मध्ये न्यूमोकोकलची लस देशभर सुरू झाली, जिवाणूंचा जोर कमी होत गेला. विषाणू तसाच राहिला. त्याच्यावर अँटिबायोटिक चालत नाही.

आता लस आहे. ती गरोदर आईला द्यायची, म्हणजे बाळ जन्मतानाच संरक्षण घेऊन येते. 18 देशांतल्या सात हजारांहून जास्त स्त्रियांवर झालेल्या चाचणीत पहिल्या तीन महिन्यांतला गंभीर आजार सुमारे 82 टक्क्यांनी कमी झाला. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2025 मध्ये सर्व देशांना शिफारस केली, की एकतर 28 आठवड्यांनंतर आईला ही लस द्या, नाहीतर बाळाला निर्सेव्हिमॅबचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शन द्या. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला आईकडून पुरेसे संरक्षण मिळत नाही, त्याच्यासाठी हे दुसरे इंजेक्शन हवेच. आपल्या सरकारी लसीकरणात यातले काहीही नाही. अशा गोष्टी आधी शहरातल्या खासगी दवाखान्यात येतात आणि ज्यांच्या घरापासून ऑक्सिजन सर्वांत लांब त्यांना सर्वांत शेवटी मिळतात. या वेळी हा क्रम उलटा करायला हवा.

लस महाग आहे, आधी पोट भरा, असे उत्तर मिळेल. पोट भरलेच पाहिजे. पण आईचे वजन, शेतीचे पाणी, रोजगार हे सुधारायला वर्षे लागतात, आणि यंदा सातव्या महिन्यात असलेल्या बाईचे बाळ तोवर थांबू शकत नाही. किमतीचे म्हणाल तर न्यूमोकोकलची लसही महागच होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती बनवल्यावर सरकारला परवडू लागली. मागणी सरकारने नोंदवली तर कारखाने हलतात.

वेगळी यंत्रणाही उभारायला नको. गरोदर बाई धनुर्वाताच्या (टीडी) इंजेक्शनसाठी येते, दर महिन्याच्या 9 तारखेला तपासणी असते. तिथेच हे होईल. कमी पडते ते पुढे. गावातली आशा कार्यकर्ती बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन पाहते. त्यानंतरची घरभेट थेट तिसऱ्या महिन्यात. आरएसव्हीने बाळे जातात ती बरीचशी याच मधल्या काळात. लसीकरणाला आई उपकेंद्रावर येते हे खरे, पण आजारी बाळ घेऊन पावसात चार कोस चालत ती येत नाही. या दीड महिन्यात आशाच्या दोन भेटी वाढवा, त्यांचा मोबदला वेळेवर द्या आणि तिच्या पिशवीत तान्ह्या बाळाच्या पायाला बसेल असा ऑक्सिमीटर द्या. मोठ्यांच्या बोटाचा क्लिप एवढ्याशा पायाला लागत नाही, आकडा भलताच दाखवतो.

राज्याच्या आरोग्य खात्याने पुढच्या अर्थसंकल्पात या लसीसाठी तरतूद करावी. धारणी, चिखलदरा, अक्राणी, अक्कलकुवा, भामरागड, एटापल्ली, जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांपासून सुरुवात व्हावी, आणि पहिला डोस पावसाळ्याआधी टोचला जावा.

— एक निवृत्त आरोग्य सेविका, जि. अमरावती