हजाराचा आकडा आणि फेटलिंगवाल्याचा श्वास

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीच्या फेटलिंग विभागात उभं राहिलं, की वाळूचा धोका वेगळा समजावून सांगावा लागत नाही. साच्यातून निघालेल्या कास्टिंगला जळून चिकटलेली वाळू ग्राइंडरखाली येते, ठिणग्यांबरोबर तिची पूड उडते आणि त्या पुडीतला डोळ्यांना न दिसणारा भाग फुप्फुसाच्या तळापर्यंत उतरतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. सिलिकोसिस एकदा जडला की बरा होत नाही, आणि काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो. अशा जागी पीएपीआर हवा, म्हणजे बॅटरीवरच्या पंख्याने हवा गाळून ती चेहऱ्याशी सोडणारा श्वासरक्षक हवा, याबद्दल मतभेद नसावा. वाद आहे तो कोणता घ्यावा याचा.

खरेदी विभागाचं म्हणणं साधं आणि पहिल्या नजरेला बिनतोड असतं: ज्याचा संरक्षण-आकडा मोठा, तो घ्या. आकडा १००० असेल तर आतल्या हवेतली धूळ बाहेरच्या हजाराव्या हिश्शाइतकी. २५ असेल तर पंचविसाव्या हिश्शाइतकी. कामगाराच्या जिवाचा प्रश्न असताना पंचवीसवर समाधान कसं मानायचं?

या युक्तिवादाला पहिला धक्का चाळीसएक वर्षांपूर्वीच बसला आहे. पंख्याच्या श्वासरक्षकांना पूर्वी अमेरिकेत हजाराच्या घरातला आकडा सरसकट दिला जात असे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या निऑश या संस्थेच्या संशोधकांनी शिशाच्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसांच्या टोपाच्या आतली आणि बाहेरची हवा प्रत्यक्ष मोजली, तेव्हा प्रयोगशाळेतला दावा कामाच्या जागी टिकला नाही. १९८७च्या मार्गदर्शिकेत निऑशने सैल टोपाच्या पीएपीआरचा आकडा थेट २५वर आणला. २००६मध्ये अमेरिकेच्या ओशा या नियामक संस्थेनेही चेहऱ्यावर सैल बसणाऱ्या प्रकाराला २५च दिला. पूर्ण टोपाला हजार मिळू शकतात, पण उत्पादकाने चाचणीचा पुरावा दिला तरच. युरोपात तर एकाच वस्तूचे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात. टीएच-३ वर्गाच्या टोपाचा प्रयोगशाळेतला आकडा ५००, आणि ब्रिटनमध्ये कामाच्या जागी गृहीत धरायचा आकडा ४०.

असं का होतं, हे फेटलिंगच्या बाकापाशी थांबलं तर कळतं. माणूस कास्टिंगवर वाकतो, मान वळवतो, बाजूला उकाड्यासाठी लावलेला मोठा पंखा नेमका त्याच्या हनुवटीखाली झोत मारतो. त्यातच जड कास्टिंग उलटताना श्वास लागतो. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे सैल टोपाला मिनिटाला निदान १७० लिटर हवा मिळाली पाहिजे. पण अंगमेहनत करणारा माणूस श्वास आत ओढतो त्या क्षणी त्याची मागणी याहून वर जाऊ शकते. पंखा कमी पडला की उरलेली हवा टोपाच्या कडेतून येते, आणि कडेपाशी असते ती धूळच. चाचणीच्या खोलीत चालत्या पट्ट्यावर शांतपणे पावलं टाकणाऱ्याच्या टोपात हे घडत नाही.

मग घट्ट बसणारा, पूर्ण चेहऱ्याचा, खऱ्या अर्थाने १००० आकड्याचा पीएपीआर घ्यावा का? काही कामांना तोच लागतो, हे मान्यच करायला हवं. पण तो दाढी चालवून घेत नाही, प्रत्येक माणसाच्या चेहऱ्यावर फिट टेस्ट मागतो, आणि भट्टीजवळच्या उकाड्यात रबराची कडा गालांवर तासन् तास दाबून ठेवतो. माणूस तो काढतोच. इथे हिशोब करून पाहावा. पाळीभर धूळ सारखीच आहे असं धरू. आठ तासांच्या पाळीत १००० आकड्याचा मास्क एक तास गळ्यात लटकला, तर प्रत्यक्ष संरक्षण सुमारे ८वर येतं. अर्धाच तास काढला, तरी ते १६च्या आतच राहतं. पाळीभर डोक्यावर राहिलेला सैल टोप मात्र आपले २५ देत असतो. न घातलेल्या मिनिटांची किंमत मोठ्या आकड्याने भरून निघत नाही, कारण त्या मिनिटांत आकडा एक असतो.

म्हणून निवडीची सुरुवात कॅटलॉगपासून नव्हे, हवेच्या नमुन्यापासून व्हायला हवी. १९४८च्या कारखाना अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीतलं सूत्र असं होतं: श्वासातून खोल जाणाऱ्या धुळीची मर्यादा घनमीटरला १० भागिले क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २, इतके मिलिग्रॅम. धूळ निव्वळ क्वार्ट्झची असेल तर उत्तर जेमतेम ०.१ येतं. अमेरिकेने २०१६मध्ये हीच मर्यादा ०.०५ केली, आणि कामगाराच्या बाजूने पाहायचं तर तीच धरावी. समजा, फेटलिंगच्या हवेत सिलिका ०.६ मिलिग्रॅम निघाली. ती मर्यादेच्या बारापट झाली. दहा आकड्याचा साधा अर्धा मास्क इथे अपुरा आहे. सैल टोपाचे पंचवीस पुरेसे आहेत. शिवाय तो डोळे आणि चेहराही झाकतो, दाढीवाल्याला चालतो आणि कपाळावर वारा देतो. नमुना घेतलाच नसेल, तर १०००चा आग्रह आणि २५चा आग्रह दोन्ही सारखेच आंधळे.

दुसरा आक्षेप किमतीचा. तो थोडक्यातच निकालात काढता येतो. टोपाची किंमत एकदाच मोजली जाते. खरा खर्च फिल्टर, बॅटरी आणि काचेचा असतो, आणि तो आधी धरला नाही तर वस्तू महिन्यात कपाटात जाते. वर्कशॉपमध्ये फिल्टर भरला की कॉम्प्रेसरच्या हवेने झटकायची सवय असते. त्या झोताने फिल्टरचा कागद फाटू शकतो. बाहेरून तो स्वच्छ दिसतो आणि धूळ आरपार जाते. ग्राइंडिंगच्या कामात ठिणगी फिल्टरपर्यंत पोचू नये म्हणून पुढे जाळीही लागते. हे सगळं विक्रेत्याला खरेदीआधी विचारायचं असतं.

विजेचा मुद्दा तर बहुतेक ठिकाणी चर्चेतच येत नाही, आणि तो जिवावर बेतू शकतो. पीएपीआरमध्ये मोटर आहे, बॅटरी आहे. १९७०च्या दशकात ब्रिटनमधल्या शेफिल्डच्या खाणसुरक्षा संशोधन संस्थेत ‘एअरस्ट्रीम’ हेल्मेट विकसित झालं: पंखा आणि फिल्टर हेल्मेटमध्येच, हवा काचेमागून चेहऱ्यावर. पुढे अमेरिकेतल्या कोळसा खाणींतही ते रुजलं, कारण मिथेनच्या हवेत ठिणगीने स्फोट घडवणार नाही अशी तिथल्या खाण-सुरक्षा प्रशासनाची मंजुरी त्याला होती. २०२०मध्ये थ्रीएम कंपनीने ते बंद केलं. पर्याय बाजारात होते, स्फोटक वातावरणासाठी इतर संस्थांनी प्रमाणितही केलेले होते. पण त्या प्रशासनाची मंजुरी त्यांना नव्हती. खाणीच्या आतल्या भागात ते वापरायला नियमात सवलत मिळावी म्हणून खाणमालकांना एकामागून एक अर्ज करावे लागले. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत, रंगाच्या शॉपमध्ये, ॲल्युमिनियमच्या धुळीत हाच प्रश्न उभा राहतो. तिथे संरक्षण-आकड्याच्या आधी स्फोटरोधक प्रमाणपत्र पाहायचं, आणि सुटे भाग किती वर्षं मिळतील हेही लेखी घ्यायचं.

सगळ्यात घातक समज वेगळाच आहे: पीएपीआर आला म्हणजे धूळ शोषणाऱ्या यंत्रणेवर खर्च नको. ऑस्ट्रेलियाने याचं उत्तर फार महाग किंमत देऊन मिळवलं. स्वयंपाकघरातल्या ओट्यांसाठी कृत्रिम दगड कापणारे तरुण कारागीर तिथे सिलिकोसिसने आजारी पडत गेले. या दगडात सिलिका नव्वद टक्क्यांच्या वरही असते. पाण्याचा फवारा, धूळशोषण, श्वासरक्षक, सगळे उपाय माहीत होते, नियमही होते. तरी आजार थांबेना, तेव्हा १ जुलै २०२४पासून त्या देशाने असा दगड बनवण्यावर, पुरवण्यावर आणि त्यावर काम करण्यावर बंदीच घातली.

आणि काही जागी तर पीएपीआर नेणंच चूक आहे. क्युपोला भट्टीच्या चार्जिंगच्या माळ्यावर कार्बन मोनॉक्साइड असतो. धुळीचा फिल्टर त्याला अडवत नाही. गटारात, टाकीत, खोल खड्ड्यात ऑक्सिजनच कमी असेल, तर पंखा तीच अपुरी हवा गाळून देतो, नवी निर्माण करत नाही. चेहऱ्यावर वारा लागतो म्हणून माणसाला सुरक्षित वाटतं आणि तो आत उतरतो. अशा ठिकाणी बाहेरून नळीने आणलेली किंवा सिलिंडरची हवाच हवी. वाळूच्या ब्लास्टिंगलाही नळीच्या हवेचं हेल्मेट लागतं.

सेफ्टी ऑफिसरने मागणीपत्र भरताना मॉडेलचं नाव सगळ्यात शेवटी लिहावं. त्याआधी हवेच्या नमुन्याचा अहवाल, वायूंची मोजणी, स्फोटाचा धोका आहे की नाही, पाळीचे तास आणि जादा बॅटऱ्यांची संख्या यावी. दोन-तीन प्रकारचे टोप आणून ते प्रत्यक्ष फेटलिंग करणाऱ्यांना पूर्ण पाळीभर घालायला द्यावेत, एप्रिल-मेच्या उकाड्यात, आणि कोणता किती वेळा काढला गेला याची नोंद ठेवावी. पाळी सुरू होताना प्रत्येकाने हवेचा प्रवाह मोजून पाहायची सवय लावावी. ज्यांना टोप द्यायचे त्या यादीत ठेकेदाराच्या कामगारांची नावंही असली पाहिजेत. फेटलिंगचं काम अनेक ठिकाणी त्यांच्याच हातात असतं.