हजार वॅट आणि एक फ्यूज

मोटारीत काय काय बसवावं याला काही मर्यादा असावी, असं माझं जुनं मत आहे. माणसं बसवावीत, फराळाचे डबे बसवावेत, फार तर पुढच्या काचेपाशी एक छोटा गणपती बसवावा. पण माझा पुतण्या ओंकार यानं आपल्या सेकंडहँड गाडीत तीन अँप्लिफायर, सहा स्पीकर आणि दोन सबवूफर बसवले. डिकीत स्टेपनीला जागा उरली नाही.

"अरे, स्टेपनी कुठंय?"

"घरी आहे, काका. एकदम सुरक्षित आहे."

"एकूण हजार वॅट!" हे तो अशा थाटात सांगतो, की ऐकणाऱ्यानं पेढा मागावा. आता या वॅटचं एक गुपित सांगतो, जे दुकानदार सांगत नाही. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो तो फक्त 3 डेसिबलनं. कानाला तो दुप्पट वाटायचा तर वॅट सुमारे दसपट लागतात. म्हणजे 100 वॅटच्या गाडीपेक्षा आमची 1000 वॅटची गाडी जेमतेम दुप्पट ओरडते. दसपट वॅट, दुप्पट ओरडा! असा सौदा मंडईत कुणी केला, तर घरात घेतील का त्याला?

बरं, हे वॅट येतात कुठून? घरातली 1000 वॅटची इस्त्री 230 व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आत भागवते. मोटारीची बॅटरी बिचारी 12 व्होल्टची. तेच 1000 वॅट तिच्याकडून काढायचे तर 80 च्या वर अँपिअर लागतात, आणि अँप्लिफायर नुसता तापण्यापायी खातो ते वेगळंच. रात्री दर 'ढुम्'ला आमच्या गाडीचे पुढचे दिवे मिचमिचत. ओंकारला वाटे, गाडीनं ताल धरलाय. ती बॅटरी डोळे पांढरे करत होती हो!

त्यातून दुकानातल्या कारागिरानं दोन्ही सबवूफर समांतर जोडलेले. चार ओहमचे दोन एकामागे एक जोडले तर आठ ओहम होतात, समांतर जोडले तर दोनच उरतात. मांडवाला एकाऐवजी दोन दारं ठेवली की पाहुणे दुप्पट वेगानं आत घुसतात आणि आचाऱ्याला घाम फुटतो, तसं. आमच्या आचाऱ्यावर 'चार ओहमच्या खाली नको' असं स्पष्ट छापलेलं होतं. पण छापलेलं वाचायची आपल्याकडे पद्धत नाही. तो इतका तापे, की वर पापड भाजावा.

एवढ्या सगळ्या लवाजम्यात बॅटरीपाशी फ्यूज मात्र नव्हता. "अँपमध्ये आहे की!" दुकानदार म्हणाला. अहो, तो अँप्लिफायरला वाचवतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत पंधरा फूट जिवंत तार धावते, तिला कोण वाचवणार? तिच्यासाठी फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच हवा.

आम्ही नाशिकहून वणीला देवीच्या दर्शनाला निघालो होतो. आई, वय 82, मागच्या सीटवर. तिच्या पाठीशी सबवूफर. दिंडोरी मागे टाकल्यावर आई काहीतरी बोलली. मला वाटलं, देवीचं नाव घेतेय. ती पुन्हा बोलली. ओंकारनं आरशात बघून मान डोलावली. तिसऱ्या वेळी तिनं काठी माझ्या खांद्यात खुपसली, तेव्हा मी आवाज बंद केला.

"मेल्यांनो, कधीची सांगतेय! रबर जळतंय!"

बॉनेट उघडलं तर धूर. तार पत्र्याच्या भोकातून नुसतीच ओढलेली. भोकाला रबराचं कडंसुद्धा नाही. धक्क्यांनी वरचं आवरण घासून तांबं पत्र्याला टेकत होतं. मागून आलेल्या एका ट्रकवाल्यानं पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली, आत डोकावून बघितलं आणि विचारलं, "फ्यूज कुठंय?"

ओंकारकडे हजार वॅट होते, उत्तर नव्हतं.

माझं भांडण गाण्याशी नाही. ते वॅटच्या बढाईशी आहे. दुकानं वॅट विकतात, कारण ते सांगता येतात. फ्यूज, जाड तांब्याची तार, रंग खरवडून पत्र्याला घट्ट आवळलेली अर्थिंग, यांतलं काहीच वाजत नाही, दिसत नाही. म्हणून गिऱ्हाईक विचारत नाही आणि दुकानदार घालत नाही. आणि मागच्या सीटवरचं म्हातारं माणूस 'जळतंय' म्हणून ओरडतं, ते पुढच्या सीटवर पोचत नाही, त्या गाडीत उत्तम ध्वनियोजना आहे असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

आता गाडीत एकच अँप्लिफायर आहे, आणि स्टेपनी डिकीत परतली आहे. सुरक्षेची साधनं दोन: बॅटरीशेजारचा फ्यूज आणि मागच्या सीटवर आईचं नाक. दुसऱ्या साधनाचं म्हणणं ऐकू यावं म्हणून आवाज बेतानंच ठेवतो.