टीव्हीसमोर बसलेल्या भीमसैनिकांनो



मागच्या महिन्यात आमच्या वस्तीत जयंतीची मीटिंग झाली. मी रात्रपाळी करून तसाच आलो होतो. दहा मिनिटांत सगळं ठरलं. १४ एप्रिलला डीजे. मी उठून म्हणालो, गायन पार्टी बोलवू, शाहीर बोलवू. पोरं हसली. एक शिकलेला दोस्त म्हणाला, "अरे, आता कोण बसतंय पेटी-ढोलकी ऐकत? बाबासाहेब टीव्हीवरून घराघरात गेले. शाहिराचं काम मालिकेनं केलं. जयंतीला पोरांना नाचू दे की."

मी नववी नापास. तिथल्या तिथं उत्तर सुचलं नाही. घरी जाऊन झोपलो, पण झोप लागली नाही. तेच उत्तर आता लिहून देतो. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

टीव्हीपासून सुरुवात करतो. २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर रामानंद सागरांचं 'रामायण' चालू झालं. ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे. लोक टीव्हीला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. माझा बाप तेव्हा पंधरा वर्षांचा. उल्हासनगरच्या कॅम्पात राहायचा. वस्तीत टीव्ही नव्हता. एका दुकानदाराच्या घराबाहेर, उंबऱ्याच्या अलीकडे बसून तो बघायचा. आत बोलवलं नाही म्हणून राग आला का, असं मी विचारलं. तर म्हणाला, "राग कसला? दिसत होतं ना!"

माझं सगळं भांडण या "दिसत होतं ना"शी आहे.

कारण त्याच दिवसांत दुसरीकडे काय चाललं होतं ते बघा. १९८७ सालीच महाराष्ट्र सरकारनं बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड छापला. 'रिडल्स इन हिंदुइझम'. त्याच्या परिशिष्टात राम आणि कृष्णाबद्दल बाबासाहेबांनी सरळ प्रश्न विचारलेत. ते परिशिष्ट काढून टाका म्हणून शिवसेना रस्त्यावर आली. मग १९८८ च्या फेब्रुवारीत आपली माणसं लाखोंनी मुंबईत उतरली. शेवटी परिशिष्ट राहिलं, पण सरकारनं खाली टीप टाकली की या मतांशी आम्ही सहमत नाही. म्हणजे बघा, रामाची गोष्ट सरकारी टीव्हीवर दर रविवारी फुकट. आणि रामाला विचारलेला प्रश्न सरकारी पुस्तकात राहावा म्हणून मोर्चा. त्या टीव्हीखाली कुणी टीप टाकली नाही.

आता जालंधरचं ऐका. १९८८ साली मालिका संपत आली, तेव्हा तिथल्या सफाई कामगारांनी संप केला. मालिका रामाच्या राज्याभिषेकाशी थांबणार होती. त्यांना उत्तरकांड पाहिजे होतं, कारण त्यात वाल्मीकी ऋषी आहेत, आणि ती माणसं स्वतःला वाल्मीकी म्हणवतात. संप उत्तरेतल्या आणखी शहरांत पसरला. कचऱ्याचे ढीग लागले. सरकार वाकलं. पुढचे भाग निघाले.

या माणसांना हसू नका. मी नाही हसत. झाडू खाली ठेवला की दिल्ली हलते, हे त्यांनी दाखवून दिलं. पण ती सगळी ताकद गेली कशात? पडद्यावर दिसण्यात. पगार, हातमोजे, गटारात उतरणाऱ्याचा जीव, सगळं बाजूला राहिलं. आणि ज्या कांडासाठी झाडू खाली ठेवला त्याच कांडात शंबूकाची मान उडवलेली आहे.

आपण काय वेगळे आहोत? २०१९ साली स्टार प्रवाहवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' चालू झाली तेव्हा आपणही असेच हरखलो. वस्तीत ठिकठिकाणी बॅनर. आता आपला बाप टीव्हीवर! मीसुद्धा बघितली. खोटं कशाला बोलू, माझी आई लिहायला-वाचायला शिकली नाही. चवदार तळ्याचं नाव तिला माहीत होतं, पण तिथं काय घडलं ते तिला मालिकेनं सांगितलं. ती रडली. ज्या घरांच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो कधी लागणार नाही, त्या घरांतही ती मालिका दिसली असेल. एवढं श्रेय माझ्या दोस्ताच्या पदरात टाकतो. श्याम बेनेगलांचं २०१४ चं 'संविधान' तर मी मोबाईलवर दोनदा बघितलं. दहाच भाग, पण घटना समितीत कोण कुणाशी काय भांडलं ते कळतं. मालिका वाईटच असते असं माझं म्हणणं नाही.

माझं म्हणणं असं की मालिका बघणारा गप्प बसतो. गप्प बसल्याशिवाय ती बघताच येत नाही. चवदार तळ्यावर बाबासाहेब ओंजळ भरतात आणि लगेच साबणाची जाहिरात. आई डोळे पुसते, भाकरी टाकायला उठते. तिला काही विचारायचं असेल तर कुणाला विचारणार? २०२० साली ती मालिका संपली. वस्तीत काय बदललं? नळ तोच, गटार तेच.

त्याच वर्षी लॉकडाऊनमध्ये २८ मार्चपासून दूरदर्शननं जुनं 'रामायण' परत लावलं. १६ एप्रिलच्या एका भागाला सात कोटींहून जास्त प्रेक्षक मिळाले, असं दूरदर्शननंच जाहीर केलं. त्याच्या दोन दिवस आधी जयंती होती. गिरणी बंद, लोकल बंद, रस्त्यावर पोलीस. आईनं खिडकीत मेणबत्ती लावली. शेजारच्या खोलीतून 'रामायणा'चा आवाज येत होता. आपल्याकडून काहीच आवाज नव्हता. मला त्या रात्री कळलं की आपला आवाज टीव्हीत नव्हताच कधी, तो माणसं जमली की निघायचा.

जलसा म्हणजे तेच होतं. बाबासाहेबांच्या हयातीत भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरले. तमाशाचा साचा घेतला, पण गणातला गणपती काढला, गवळण काढली, तिथं आपला सवाल घातला. वामनदादा कर्डक शाळेत गेले नाहीत. मोठेपणी अक्षरं गिरवली आणि मरेपर्यंत, २००४ पर्यंत, गात फिरले. बाप सांगतो, त्याच्या लहानपणी कव्वालीचा दुरंगी सामना लागायचा. दोन पार्ट्या, समोरासमोर. एक सवाल टाकणार, दुसरी जवाब देणार. खाली बसलेली बाई चिठ्ठी पाठवायची, सोबत दहा रुपये, आणि गायकाला ती वाचावी लागायची. चुकीचं गायलं की खालून आवाज यायचा, "अय, इतिहास नीट सांग!" तुमच्या मालिकेला कोण म्हणणार नीट सांग म्हणून?

आणि शाहीर वस्तीचाच असायचा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं मेली. शाहीर विलास घोगरे ते बघून आले आणि काही दिवसांत त्यांनी स्वतःला संपवलं. मी त्या मरणाचा गौरव करत नाही. आपल्याला ते जिवंत पाहिजे होते. आनंद पटवर्धनांनी त्या मरणापासून सुरुवात करून चौदा वर्षं 'जय भीम कॉम्रेड' बनवला, तो २०११ ला आला. मालिका बघता तशी तीही बघा, आणि मिळून बघा, म्हणजे नंतर भांडता येईल.

आता आपल्या घरातली घाण. शाहिराला टीव्हीनं मारलं असं म्हणून मी सुटणार नाही. त्याला आपणही मारतोय. आमच्या मंडळाची निम्म्याहून जास्त वर्गणी साउंडवाल्याकडे जाते. मी गिरणीत आठ तास मशीनच्या आवाजात उभा असतो. तिथं माणूस माणसाशी बोलू शकत नाही, हातानं खुणा करतो. मालकाला तेच पाहिजे असतं. डीजेच्या भिंतीसमोर मी तेच बघतो. आपलीच पोरं, आपल्याच बापाचं नाव, आणि एकमेकांशी हातवारे. गाण्यातले शब्दसुद्धा ऐकू येत नाहीत. म्हातारी माणसं दार लावून घेतात. मग जयंती कुणाची?

दोस्त म्हणतील, रात्रभराचा कार्यक्रम आता करताच येत नाही. बरोबर. रात्री दहानंतर भोंगा बंद हा नियम २००० सालचा, २००५ ला सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. पण दहानंतर डीजेही बंदच असतो ना? मग संध्याकाळी पाचला सतरंजी टाका. पाच ते दहा, पाच तास झाले. एक पेटी, एक ढोलकी, एक डफ, मागे कोरसला चार पोरं. भोंगा नसला तरी चालेल, गल्ली एवढी लांब नाही.

आणि माणसं बसत नाहीत म्हणता? सकाळची बदलापूर लोकल पकडा. डब्यात भजनी मंडळ उभं राहून टाळ वाजवतं. त्यांच्याही घरी टीव्ही आहे, मोबाईल आहे. तरी रोज, गर्दीत, घामात, टाळ सोडत नाहीत. त्यांचा देव माझा नाही. पण त्यांचा रियाज बघून मला माझी लाज वाटते. विठ्ठल उमप नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवर स्टेजवरच कोसळले, ऐंशीच्या घरातला माणूस. आणि आपण पंचविशीतले, वर्षातून एक दिवस नाचतो आणि बाकीचे दिवस बघतो.

येत्या रविवारी आमची पुन्हा मीटिंग आहे. मी तीन गोष्टी मांडणार. एक, वर्गणीतला अर्धा पैसा गायन पार्टीला. दोन, बाहेरचा मोठा गायक नको, अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात जो कुणी आज गातोय त्याला बोलवा आणि ठरलेलं मानधन आधी द्या. तीन, मधला एक तास सवालाचा. बाया उठतील, पाण्याचं विचारतील, पोरींच्या शाळेचं विचारतील, आणि शाहिरानं तिथंच जुळवून गायचं.

हरलो तर पुढच्या वर्षी परत मांडीन. तुमच्या वस्तीत तुम्ही मांडा. आणि माझं चुकत असेल तर या अंकाला लिहा, पण गप्प बसू नका.