हंडा चांगला होता, काळ नव्हता

मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या उत्तरेला सोनगीर लागतं. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. इथं घंगाळ हातात घेऊन बघणारं गिऱ्हाईक हमखास हळहळतं: काय तो जुना काळ! सकस अन्न, भरली घरं, गावात एकोपा.

भांड्यांबद्दल वाद नाही. तांबटाने ठोक्यावर ठोका देत मठारलेल्या हंड्याची सर स्टीलला येत नाही, आणि स्टीलने या कारागिरांच्या पोटावर पाय दिला याचं मलाही वाईट वाटतं. पण त्यावरून तो काळच चांगला ठरवणं मला साफ नामंजूर आहे.

ही भांडी घासत कोण होतं? चिंच आणि राख लावून, हातांना भेगा पडेपर्यंत, घरची सून. कल्हई उडाली की ताक कळकायचं आणि बोलणी तीच खायची. रिकामा असतानाच जड असलेला हंडा भरून आणायचा तिनेच. 1951च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांत नऊ जणीही साक्षर नव्हत्या. त्या काळाचं कौतुक लिहायला यांतल्या किती जणी होत्या?

काहींना तर हंडा वापरायचीही मुभा नव्हती. नोव्हेंबर 1935मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावी अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, म्हणून सवर्णांनी त्यांना मारहाण केली. ऐपत होती, हाच गुन्हा.

ते गुजरातेत, असं म्हणून सुटका नाही. 1929मध्ये खानदेशातल्या एका गावाने अस्पृश्यांवर बहिष्कार घातला. त्याची चौकशी करायला सरकारी समितीतर्फे डॉ. आंबेडकर त्या गावी आले. परतताना चाळीसगावला उतरले, तर एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी महारवाड्यातल्या लोकांनी नुसता टांगा भाड्याने घेतला आणि कधी टांगा न हाकलेल्या माणसाने तो हाकला. पुलावर चाक अडकलं, आंबेडकर दगडांवर फेकले गेले, पाय मोडला.

याला एकोपा म्हणायचं? ज्याने त्याने आपल्या पायरीवर राहावं, एवढाच तो एकोपा होता. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल धरलेला सालदार पुढच्या अखजीपर्यंत मालकाला बांधलेला. उचल फिटली नाही की पुन्हा तोच गोठा.

सोनगीरची कला टिकलीच पाहिजे. तांबटाशी घासाघीस न करता त्याचा भाव द्या. मात्र पाणवठा आणि रस्ता सगळ्यांचा झाला, तो माणसं महाडला चवदार तळ्यावर मार खाऊन उभी राहिली म्हणून आणि राज्यघटनेच्या 17व्या कलमाने अस्पृश्यता गुन्हा ठरवली म्हणून. जुन्या काळाने यातलं काहीही आपणहून दिलेलं नाही.