नागिणीचे कोडे आणि गावातला डॉक्टर

विषाणूंचे संशोधन म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर शहरातली मोठी प्रयोगशाळा येते. मग जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातल्या शाळेत शिकणाऱ्याला वाटते, ‘हे काही आपले काम नव्हे.’ मला हे मुळीच पटत नाही. का, ते एका डॉक्टरांच्या उदाहरणाने सांगतो.

कांजिण्या तुम्हांला ठाऊक आहेत. बहुधा लहानपणी येतात, अंगभर फोड उठतात आणि आठ-दहा दिवसांत ओसरतात. नागीण मात्र बहुधा वयस्क माणसांना होते. कमरेवर, छातीवर किंवा चेहऱ्यावर, एकाच बाजूला फोडांचा पट्टा उठतो आणि भयंकर आग होते. हे दोन्ही आजार एकाच विषाणूचे आहेत! तो ‘हर्पीस’ कुळातला. ‘हर्पीस’ या ग्रीक शब्दामागे सरपटण्याचा अर्थ आहे आणि आपल्या ‘सर्प’ शब्दाशी त्याचे मूळ एकच आहे. म्हणजे नाव ठेवताना ग्रीकांना आणि आपल्या आजीला सारखेच सुचले म्हणायचे!

अमेरिकेतील थॉमस वेलर यांनी १९५० च्या दशकात दोन्ही आजारांतले विषाणू प्रयोगशाळेत वाढवून ते एकच असल्याचे दाखवले. पण कोडे उरलेच. लहानपणी येऊन गेलेला विषाणू चाळीस-पन्नास वर्षांनी पुन्हा येतो कुठून?

हे कोडे उकलण्यात मोठा वाटा होता तो एडगर होप-सिम्पसन यांचा. इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर या, आपल्या मंचर-नारायणगावसारख्या बाजाराच्या गावी ते साधा दवाखाना चालवीत. १९४७ ते १९६२ अशी सोळा वर्षे त्यांनी आपल्याकडे आलेल्या नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली. रुग्ण भरले १९२. नोंदींतून दिसले, की वय वाढेल तसे नागिणीचे प्रमाण वाढते. पण कांजिण्यांची साथ आली म्हणून नागीण वाढत नाही. म्हणजे ती बाहेरून येत नसावी! १९६५ साली त्यांनी मत मांडले: कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू मज्जारज्जूजवळच्या मज्जापेशींच्या गाठींत झोपून राहतो, प्रतिकारशक्ती उतरली, की जागा होऊन मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो. १९८४ साली एकाच रुग्णाच्या कांजिण्यांतला आणि पुढे झालेल्या नागिणीतला विषाणू ताडून पाहिला गेला. दोघांचे डीएनए जुळले!

आता आपल्याकडे वळू. भीमाशंकरच्या किंवा नाणेघाटाच्या बाजूची, डोंगरातली एखादी लहानशी वाडी डोळ्यांसमोर आणा. बाहेरून कोणी आले नाही, तर तिथे गोवराची साथ काही आठवड्यांत विझते, कारण लागण व्हायला नवे कोणी उरत नाही. पण कांजिण्या वर्षांनी पुन्हा उगवू शकतात. कशा? आजोबांना नागीण होते. फोडांतल्या पाण्याचा संसर्ग नातवाला होऊन त्याला कांजिण्या येतात. विषाणूने आपले बियाणे आजोबांच्या अंगातच राखून ठेवलेले असते! म्हणून नागिणीचे फोड झाकून ठेवावेत आणि तान्ह्या मुलांना व गरोदर बायांना दूर ठेवावे.

हे ज्ञान घरोघरी पोचायलाच हवे. ‘नागिणीची दोन टोके मिळाली की माणूस दगावतो’ असे आजही ऐकू येते. खरे पाहता शरीराच्या प्रत्येक बाजूचा मज्जातंतू वेगळा असतो, म्हणून पट्टा सहसा मध्यरेषेशीच थांबतो. खरा धोका आहे तो वेळ दवडण्यात. विषाणूवरचे औषध फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाले, तर जास्त उपयोगी पडते. मंत्र आणि गेरूचे लेप यांत तीन दिवस गेले, तर ती संधी हुकते. डोळ्याजवळ नागीण उठली, तर दृष्टीही जाऊ शकते.

पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था तुमच्यापासून फार लांब नाही. १९५२ साली ती विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा तिच्या शास्त्रज्ञांनी एक नवा विषाणू शोधला. पण माकडे मरताहेत हे आधी दिसले ते जंगलाकाठच्या माणसांना. प्रयोगशाळा उत्तर देते. प्रश्न बहुधा गावातून येतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की संशोधक होण्यासाठी शहरात जाईपर्यंत थांबू नका. एक वही करा. शाळेत कांजिण्यांची साथ कोणत्या महिन्यात आली, किती मुले किती दिवस गैरहजर राहिली, हे शिक्षकांच्या मदतीने, कुणाचे नाव न लिहिता टिपून ठेवा. घरात कुणाला नागीण झाली, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. होप-सिम्पसन यांच्याजवळ रुग्ण, वही आणि सोळा वर्षांची चिकाटी होती. त्यांतली वही आणि चिकाटी तुम्हांलाही आजच जवळ करता येईल.